वाचलेल्यांचे हृदय

एखाद्या रोगाचा इतिहास सांगायला बसले की तो बहुधा दोन प्रकरणांतच संपवला जातो. रोग कधी आला, हे पहिले प्रकरण. त्यावर औषध कधी सापडले, हे दुसरे. औषध सापडले की सांगणारा वही मिटतो. पण ज्याला ते औषध जन्मभर, रोज, न चुकता घ्यायचे असते त्याची गोष्ट तिथेच सुरू होते. वीस-पंचवीस वर्षे रोज तेच रसायन पोटात गेले की शरीर त्याच्याशी कसे वागते? हृदयाचे, यकृताचे, रक्तवाहिन्यांचे काय होते? आज बोलायचे आहे ते या तिसऱ्या प्रकरणाविषयी, आणि रोग आहे एचआयव्ही-एड्स.

मी वैद्य नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण हृदय हा शब्द आम्ही कवींनी इतका वापरला आहे की त्याची खरी हकिगत कधीतरी नीट जाणून घ्यावी, असे वाटत होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ‘या गोळ्यांनी हार्ट खराब होते’ असे कुठेतरी ऐकून एचआयव्हीच्या गोळ्या परस्पर बंद केलेली माणसे मला भेटली आहेत. ते ऐकीव वाक्य निव्वळ अफवा असते तर झटकून टाकता आले असते. पण त्यात थोडे सत्य आहे. अर्धे सत्य अफवेपेक्षा घातक असते, म्हणून ते पूर्ण सांगितले पाहिजे.

थोडे मागे जाऊ. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटी नोंद आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्युक मोंतानिए यांच्या चमूने विषाणू वेगळा काढला. १९८६ मध्ये त्या वेळच्या मद्रासमध्ये डॉ. सुनिती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातल्या पहिल्या बाधितांचा शोध लावला. या सुनितीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी उभारलेल्या संस्थेने हजारो रुग्णांना आसरा दिला.

औषधाची कहाणी मात्र त्याहून जुनी आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने कर्करोगासाठी एक रसायन तयार केले. कर्करोगावर ते चालले नाही, म्हणून फडताळात पडून राहिले. वीसेक वर्षांनी ते एचआयव्हीवर लागू पडते असे दिसले आणि मार्च १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. हेच एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडिन. वर्षाचा खर्च हजारो डॉलर. एवढे करून काही महिन्यांत विषाणू रूप बदलून त्या एकट्या औषधाला चकवा देत असे. माणसे हाताशी धरता धरता निसटून जात. त्या काळात कोणत्याही डॉक्टराने एड्सच्या रुग्णाचे कोलेस्टेरॉल तपासल्याचे ऐकिवात नसेल, तर नवल नाही. जो दिवाळी पाहील की नाही याची खात्री नाही, त्याला वीस वर्षांनी हृदयविकार होईल का, हा प्रश्न कोण विचारणार?

तो प्रश्न विचारता येणे हीच मुळात मोठी चैन होती. ती मिळाली १९९६ मध्ये. विषाणू आपली प्रथिने एका लांब पट्टीसारखी बनवतो आणि मग एका रासायनिक कात्रीने तिचे तुकडे करतो. ती कात्री अडकवून ठेवणारी औषधे निघाली. त्यांना प्रोटिएज इनहिबिटर म्हणतात. सॅक्विनाव्हिर १९९५ च्या डिसेंबरात आले, रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर १९९६ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी जुलैत कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या जागतिक परिषदेत सांगण्यात आले की तीन औषधे एकत्र दिली तर विषाणू डोके वर काढत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये एड्सने गेलेल्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. १९९७ मध्ये ती निम्म्याहूनही खाली आली. ज्यांनी मृत्युपत्रे केली होती, घरे विकली होती, ती माणसे उठून कामाला लागली.

आणि मग आरशाने बोलायला सुरुवात केली.

१९९७-९८ च्या सुमारास रुग्ण विचित्र तक्रारी घेऊन येऊ लागले. गाल आत गेले, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, उलट पोट सुटले, मानेमागे वशिंडासारखा उंचवटा आला. वजनकाटा फारसा हलत नव्हता, पण शरीरातली चरबी घर बदलत होती. ज्या जागी हवी तिथून गेली, नको तिथे जमली. आधी डॉक्टरांनी मनावर घेतले नाही. मृत्यूच्या दारातून परत आलात आणि गालांबद्दल काय कुरकुरता, असा सूर होता. रुग्णांनी तक्रार लावून धरली, हे या इतिहासातले पहिले मोठे पाऊल. जून १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की या नव्या औषधांनी काहींना मधुमेह होतो आहे किंवा असलेला बळावतो आहे. १९९८ मध्ये सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयातले अँड्र्यू कार आणि डेव्हिड कूपर यांनी सगळी लक्षणे एकत्र बांधली. चरबीचे स्थलांतर, रक्तातली वाढलेली चरबी आणि इन्सुलिनला दाद न देणारे शरीर. या अवस्थेला लिपोडिस्ट्रॉफी हे नाव मिळाले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कळवले की ही औषधे घेणाऱ्या तरुण रुग्णांच्या हृदयाच्या धमन्या गंभीर प्रमाणात अरुंद झाल्या आहेत. हा विकार त्या वयात सहसा दिसत नाही.

हे का होत होते? हळूहळू उलगडा झाला, आणि तो समजायला सोपा आहे. रक्तातली साखर स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरते ती एका प्रथिनाच्या दारातून. इंडिनाव्हिर ते दारच अडवते. मग साखर रक्तात राहते आणि शरीर अधिकाधिक इन्सुलिन सोडत राहते. रिटोनाव्हिरने रक्तातली ट्रायग्लिसराईड नावाची चरबी वाढते. दुसऱ्या गटातल्या स्टॅव्हुडिनसारख्या औषधाची तऱ्हा वेगळी. विषाणू स्वतःची नक्कल करताना जे यंत्र वापरतो ते बंद पाडणे हे त्याचे काम. पण आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या बारीक चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांनाही स्वतःची नक्कल करायला तसेच एक यंत्र लागते. औषध चुकून तेही बंद पाडते. चुली विझल्या की गालातली चरबी वितळते, तळपायांना मुंग्या येऊन आग होते आणि क्वचित रक्तातले आम्ल जीवघेणे वाढते.

आमच्या गझलेच्या परंपरेत दिल आणि जिगर ही जोडी शेकडो वर्षे हातात हात घालून चालत आली आहे. दिल म्हणजे हृदय आणि जिगर म्हणजे यकृत. प्रेमात दोन्ही जळतात, असे शायर म्हणत आले. शरीरशास्त्रही वेगळे सांगत नाही. यकृतात चरबी साठली, तिथून ती रक्तात वाहू लागली की तिचा भार शेवटी हृदयाच्या धमन्यांवर पडतो. जिगर बिघडले की दिलाची खैर नसते.

पण एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या हकिगतीवरून औषधाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. चाळिशीतल्या पुरुषाला एचआयव्ही नसतानाही झटका येतो. त्यासाठी मोजणी लागते. युरोपातल्या औषध नियामकांच्या आग्रहावरून १९९९ मध्ये डेन्मार्कमधून एक प्रचंड मोजणी सुरू झाली. डी-ए-डी हे तिचे आद्याक्षरी नाव. एकवीस देशांतल्या दवाखान्यांतल्या रुग्णांची नोंद एकाच पद्धतीने ठेवली गेली. कोण कोणते औषध किती वर्षे घेतो, विडी-सिगारेट ओढतो का, रक्तदाब किती, आणि कोणाला झटका आला. २००३ मध्ये पहिला मोठा निकाल प्रसिद्ध झाला. २३,४६८ रुग्णांपैकी १२६ जणांना हृदयविकाराचा झटका आला होता. उपचाराच्या पहिल्या चार ते सहा वर्षांत दर वर्षागणिक झटक्याचा धोका सरासरी २६ टक्क्यांनी वाढत होता.

इथे जरा थांबावे लागेल, कारण बातमीची अफवा होते ती इथेच. ‘दर वर्षी २६ टक्के वाढ’ असे म्हटले की छाती दडपते. पण वाढ कशात? मुळात धोका लहान होता. वर्षभरात हजारांत तीन-चार झटके, एवढा. लहान आकड्यात २६ टक्क्यांची भर पडली तरी तो लहानच राहतो, मात्र दरवर्षी भर पडत गेली तर पुढे त्याचा डोंगर होऊ शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्याच मोजणीत वाढते वय, धूम्रपान आणि आधीचा हृदयविकार यांचा वाटा मोठा असल्याचेही दिसले. २००७ मध्ये चित्र आणखी स्पष्ट झाले. धोका वाढत होता तो प्रामुख्याने प्रोटिएज इनहिबिटर गटामुळे, वर्षाला १६ टक्के या दराने. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ ज्या गटात येतात त्यात अशी वाढ आढळली नाही. २००८ मध्ये अबॅकाव्हिर या औषधावर बोट ठेवले गेले आणि त्यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झडला. म्हणजे ‘एचआयव्हीच्या गोळ्या’ अशी एकच वस्तू नसते. प्रत्येक गोळीचा स्वभाव वेगळा, आणि म्हणून एक वाईट ठरली तर दुसरी देता येते.

हे सगळे चालले होते ते श्रीमंत देशांत. गरीब देशांतल्या लाखो लोकांपर्यंत तोवर औषधच पोहोचले नव्हते, मग त्याचे दुष्परिणाम कुठले! तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. ही कोंडी फोडण्यात मुंबईचा मोठा हात आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात पेटंट औषध बनवण्याच्या पद्धतीला मिळे, औषधाला नव्हे. निराळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला आपल्या कंपन्या मोकळ्या होत्या. सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्सच्या बैठकीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख डॉ. युसूफ हमीद यांनी जगासमोर स्वस्त दर ठेवला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये तो ‘सीमेपार डॉक्टर्स’ या संघटनेसाठी वर्षाला ३५० डॉलरवर आणला. दिवसाला एक डॉलरहून कमी. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून दोनदा.

नावे पुन्हा वाचा. पहिलेच नाव स्टॅव्हुडिन. पेशींतल्या चुली विझवणारे. श्रीमंत देशांत त्याचा वापर घटत असताना गरिबांच्या उपचाराचा पाया त्याच्यावर घातला गेला. हा कोणाचा कट नव्हता. ते स्वस्त होते, सुरुवातीला सहज सोसत असे. झिडोव्हुडिनने रक्त कमी होते म्हणून हिमोग्लोबिन तपासत राहावे लागते आणि आपल्याकडे पंडुरोग तर घरोघर, विशेषतः बायकांत. स्टॅव्हुडिनला तशी तपासणी लागत नसे. ज्या तालुक्याच्या गावी प्रयोगशाळाच नाही तिथे याचा अर्थ फार मोठा होतो. शिर सलामत तर पगडी पचास, हा त्यामागचा विचार होता आणि तेव्हा तो बरोबरच होता.

भारतात सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ रोजी आठ रुग्णालयांत सुरू झाले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. महाराष्ट्र तेव्हाही सर्वाधिक बाधितांच्या राज्यांत होता. माणसे पुणे, सांगली, सोलापूर, सातारा अशी कुठूनकुठून गोळ्यांसाठी खेपा घालू लागली. काही वर्षांत त्यांच्या चेहऱ्यांवरही तेच दिसू लागले, जे १९९८ मध्ये सिडनीत दिसले होते. आपल्याकडे त्याला आणखी एक धार होती. गाल बसलेला चेहरा म्हणजे रोगाची जाहिरात. ज्याने सासरी, चाळीत, कारखान्यात काही कळू दिले नव्हते, त्याचे गुपित त्याच्याच चेहऱ्याने फोडले. जीव वाचवणारी गोळी अब्रू घेऊ लागली, तेव्हा काहींनी अब्रू राखली आणि गोळी सोडली.

याच काळातली दक्षिण आफ्रिकेची हकिगत सांगण्यासारखी आहे. तिथे झॅकी अश्मत नावाचा कार्यकर्ता आहे, केपच्या मलाय मुस्लिम समाजातला. १९९८ मध्ये त्याने उपचाराच्या हक्कासाठी संघटना उभी केली आणि सरकारी दवाखान्यात गरिबाला औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही, असे जाहीर केले. २००२ मध्ये नेल्सन मंडेला त्याच्या घरी जाऊन त्याला विनवून आले, तरी तो हटला नाही. २००३ मध्ये सरकार वाकले, तेव्हा त्याने गोळ्या सुरू केल्या. आणि २००५ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यापलीकडे नुकतेच पाऊल टाकलेल्या या माणसाला हृदयविकाराचा झटका आला. गोळ्यांना नावे ठेवायला याहून सोयीचे उदाहरण मिळाले नसते. पण त्याचा रोग किंवा उपचार याला कारण असण्याची शक्यता कमी आहे, असे त्याच्या डॉक्टरांनी सांगितले. तो बरा झाला आणि पुन्हा कामाला लागला. एका माणसाच्या छातीत काय घडले यावरून औषधाचा निवाडा होत नाही, तो हजारोंच्या मोजणीतून होतो, हेच यातून पुन्हा दिसते.

आता या इतिहासाच्या वळणावर येऊ. ‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ ही आपली जुनी म्हण. डॉक्टरांनाही तेव्हा तसेच वाटू लागले होते. औषधांनी चरबी वाढते, हृदयाला धोका होतो, मग मधूनमधून शरीराला सुट्टी का देऊ नये? प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी पुरेशा असतील तर गोळ्या थांबवाव्यात, कमी झाल्या की पुन्हा सुरू कराव्यात. कल्पना सुज्ञपणाची होती, शिवाय खर्च वाचवणारी. २००२ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. ३३ देशांतल्या ५,४७२ जणांचे दोन गट केले. एका गटाने गोळ्या अखंड घ्यायच्या, दुसऱ्याने पेशी ३५० च्या वर असताना थांबवायच्या आणि २५० च्या खाली गेल्या की पुन्हा सुरू करायच्या. विश्रांती घेणाऱ्यांचे हृदय सुरक्षित राहील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती.

जानेवारी २००६ मध्ये नव्या रुग्णांची भरती थांबवावी लागली, कारण विश्रांती घेणारे अधिक मरत होते. अखंड गोळ्या घेणाऱ्यांत ३० मृत्यू, विश्रांती घेणाऱ्यांत ५५. खरा धक्का पुढे होता. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे गंभीर आजार अखंड गोळ्या घेणाऱ्यांत ३९ जणांना झाले होते, थांबवणाऱ्यांत ६५ जणांना. ज्या हृदयासाठी गोळ्या थांबवल्या, त्याच हृदयाला थांबवण्याने अधिक इजा झाली.

याचा अर्थ लावायला काही वर्षे गेली. विषाणू मोकळा सुटला की शरीर त्याच्याशी सतत झुंजत राहते. त्या झुंजीची धग रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला लागते. डॉक्टर याला दाह म्हणतात. अस्तर खरखरीत झाले की चरबी तिथे चिकटते, रक्ताची गुठळी होणे सोपे जाते. गोळ्यांनी विषाणू दबला तरी ही धग पुरती विझत नाही, राखेखालच्या निखाऱ्यासारखी थोडी उरते. म्हणूनच आजही एचआयव्ही असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असतो, असे मोठ्या आढाव्यांतून दिसते. पण गोळी सोडणे म्हणजे त्या निखाऱ्यावर फुंकर मारणे. २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या चाचणीने दाखवले की उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाधिताला उपचार द्यावेत असे सांगितले आणि भारताने ते धोरण २०१७ मध्ये स्वीकारले.

तर म्हण खोटी ठरली. इलाजात खोट होती, पण रोग त्याहून भयंकर होता. उरला मार्ग एकच, इलाज सुधारण्याचा. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा, असे सर्व देशांना सांगितले. पुढच्या काही वर्षांत ते आपल्याकडूनही गेले. त्याच्या जागी टेनोफोव्हिर आले. त्याने गाल बसत नाहीत आणि रक्तातली चरबी वाढत नाही, मात्र मूत्रपिंडावर आणि हाडांवर लक्ष ठेवावे लागते. २०२० नंतरच्या काळात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची दिवसातून एकदा घ्यायची एकच गोळी आपल्या सरकारी केंद्रांतही रुळली. विषाणू झपाट्याने दबतो, त्रास कमी. पण नवे औषध नवा प्रश्न घेऊन आले. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि कॅमेरून इथल्या चाचण्यांत दिसले की डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्यांचे वजन अधिक वाढते, त्यातही स्त्रियांचे. जोहान्सबर्गच्या चाचणीत वर्षभरात जुन्या एफाव्हिरेन्झवर सरासरी एक किलो वाढ होती, टेनोफोव्हिरच्या नेहमीच्या प्रकारासोबत डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्यांत तीन किलो आणि टेनोफोव्हिरच्या नव्या प्रकारासोबत सहा किलो. एकेकाळी या रोगाला ‘झिजवणारा’ म्हणत. आता वाढत्या पोटाची काळजी करायची वेळ आली.

आपल्याला तर ती अधिकच करायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले आहे की भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते, विशेषतः पोटाभोवती. हा कल बाळ जन्माला येतानाच दिसतो. जगभरच्या तुलनेत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका पाच-सहा वर्षे आधी येतो. मुळातच निसरड्या वाटेवरून चालणारी ही माणसे, त्यावर विषाणूची धग आणि त्यावर औषधाचा भार. देशात आज पंचवीस लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगत आहेत. २००४ मध्ये तिशीत गोळी सुरू केलेला माणूस आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याच्यासमोरचा प्रश्न एड्सने मरण्याचा उरलेला नाही. त्याचा प्रश्न आता तुमच्या-माझ्यासारखाच आहे, साखर, रक्तदाब आणि छातीतली कळ.

या प्रश्नाला २०२३ मध्ये एक चांगले उत्तर मिळाले. ‘रिप्रीव्ह’ नावाच्या चाचणीत भारतासह बारा देशांतले ७,७६९ एचआयव्ही बाधित होते, वय ४० ते ७५. विषाणू औषधाने आटोक्यात होता, हृदयविकाराचा धोका फार मोठा वाटत नव्हता. अर्ध्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन ही चरबी कमी करणारी गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. फायदा इतका स्पष्ट झाला की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. १९९८ मध्ये जी काळजी दोन-चार डॉक्टरांच्या पत्रांतून उमटली होती, तिला पंचवीस वर्षांनी एक साधी गोळी उत्तर म्हणून सापडली.

मात्र ही गोळी कोणी स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नये. सिम्व्हास्टॅटिनसारखी काही चरबीची औषधे रिटोनाव्हिरबरोबर घेतली तर रक्तात धोकादायक प्रमाणात साठतात आणि स्नायूंची नासाडी करतात. इथे आपल्या समाजाचा दोष आडवा येतो. छातीत दुखते म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस आपल्या एआरटीच्या गोळ्यांविषयी बोलत नाही, कारण पूर्वी कुठेतरी ते सांगितल्यावर त्याला दाराबाहेर बसवलेले असते. आणि एआरटी केंद्रावर गेला की तिथल्या गर्दीत सीडी-४ आणि विषाणूची मोजणी होते, रक्तदाबाची विचारपूस राहून जाते. एकाच माणसाचे हृदय एका दवाखान्यात आणि विषाणू दुसऱ्या दवाखान्यात, आणि दोन्ही डॉक्टर एकमेकांना अनोळखी. एचआयव्ही असल्यामुळे उपचार नाकारणे हा २०१७ च्या कायद्याने गुन्हेगारीइतकाच लाजिरवाणा भेदभाव ठरवून निषिद्ध केला आहे. कायदा आहे, तो दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचवणे आपल्या हातात आहे.

करायचे काय, ते फार अवघड नाही. वर्षातून एकदा तरी साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची तपासणी, प्रत्येक खेपेला रक्तदाब. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांना रजा. रोज चालणे. वजन झपाट्याने वाढले, पायांना मुंग्या आल्या, चेहरा बदलला तर केंद्रातल्या डॉक्टरांना सांगणे, कारण गोळी बदलता येते. आणि ती त्यांच्या सल्ल्याशिवाय एक दिवसही न सोडणे. ५,४७२ माणसांनी आपल्या जिवावर हा धडा आपल्याला शिकवून ठेवला आहे, तो पुन्हा शिकण्याची गरज नाही.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट मोलाची वाटते. चरबीने घर बदलल्याची तक्रार पहिल्यांदा रुग्णांनी केली, डॉक्टरांनी ती ऐकली, मोजली आणि औषध बदलले. पुन्हा तक्रार, पुन्हा मोजणी, पुन्हा नवे औषध. असे करत करत, मरणाची शिक्षा म्हणून आलेला रोग मधुमेहासारखा सांभाळता येणारा झाला. औषधाने या माणसांना आयुष्य परत दिले. त्या आयुष्याला म्हातारपण लाभावे, नातवंडांचा हात धरून बाजारात जाता यावे, गुडघेदुखीची कुरकुर करता यावी, एवढे मागणे फार नाही. हृदय शाबूत असले की बाकी कुरकुरी माणूस आनंदाने करतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)